झोपेची म्हणून दिलेली गोळी

"डॉक्टर, बाकी काही नाही, फक्त झोप येत नाही. एखादी साधी गोळी लिहून द्या."

दवाखाना चालवणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला हे वाक्य नवीन नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यात पाळ्या करणारा कामगार असो, निफाडचा द्राक्ष बागाईतदार असो, की मुलांची लग्ने होऊन घर रिकामे झालेली गृहिणी असो, तक्रार एकच असते. रात्रभर कूस बदलत राहायचे आणि पहाटे डोळा लागतो न लागतो तोच उठायची वेळ व्हायची. डॉक्टर एक छोटी गोळी लिहून देतो. रुग्ण तिला 'झोपेची गोळी' म्हणतो. पण पुष्कळदा ती झोपेची गोळी नसतेच. ती नैराश्यावरची गोळी असते आणि ही गोष्ट रुग्णाला कोणी सांगितलेली नसते.

आज या न सांगण्याविषयीच लिहायचे आहे. दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवण्याचा माझा विचार नाही, कारण पुढे जी हकीकत सांगणार आहे तिच्यातली पहिली चिठ्ठी माझ्याच हातची होती.

अण्णांची हकीकत

निफाड तालुक्यातले एक गृहस्थ, वय एकाहत्तर. त्यांना आपण अण्णा म्हणू. जन्म शेतात गेलेला, अंगकाठी सडपातळ, कसले व्यसन नाही. पत्नी गेली आणि महिन्याभरात त्यांची झोप उडाली. मुलगा त्यांना माझ्याकडे घेऊन आला. रक्तदाब ठीक, साखर ठीक. बाहेर रुग्णांची रांग लागलेली. मी अॅमिट्रिप्टिलिनची २५ मिलिग्रॅमची गोळी रात्री एक अशी लिहून दिली आणि म्हणालो, "अण्णा, आता शांत झोप लागेल. काळजी करू नका." एवढेच बोलणे झाले.

झोप खरोखरच लागली. पंधरा दिवसांनी मुलाचा निरोप आला, "अण्णा लहान लेकरासारखे झोपतात." मलाही बरे वाटले. गोळी चालू राहिली.

पुढच्या तीन-चार महिन्यांत जे झाले ते मला फार उशिरा कळले. अण्णांच्या तोंडाला सारखी कोरड पडू लागली. दिवस उन्हाळ्याचे होते, म्हणून सगळ्यांनी उन्हाला दोष दिला. शौचाला साफ होईना, म्हणून चूर्ण सुरू झाले. पेपरातली अक्षरे पुसट दिसू लागली, म्हणून चष्म्याचा नंबर बदलून घेतला आणि डोळ्यांत घालायचे थेंबही आले. एका रात्री लघवीला उठले, उठताच भोवळ आली आणि उंबऱ्यावर पडून कपाळाला खोक पडली. दुसऱ्या एका डॉक्टरांनी चक्करवरची गोळी दिली. पहिल्या पावसात सर्दी झाली, म्हणून मुलाने केमिस्टकडून सर्दीच्या गोळ्या आणल्या. त्या घेतल्यावर दुसऱ्याच रात्री अण्णांची लघवी पूर्ण तुंबली. पोट फुगले, वेदना असह्य झाल्या. मध्यरात्री गाडी करून नाशिकला आणावे लागले. नळी घालून लघवी मोकळी केली, तेव्हा म्हाताऱ्याच्या जिवात जीव आला. प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली आहे, शस्त्रक्रिया करावी लागेल, असे घरच्यांना सांगण्यात आले.

दुसऱ्या दिवशी मुलगा औषधांची प्लॅस्टिकची पिशवी घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. पिशवी टेबलावर रिकामी केली. माझी एक गोळी, चूर्ण, डोळ्यांचे थेंब, चक्करवरची गोळी आणि सर्दीच्या गोळ्या. सर्दीची गोळी सोडली, तर बाकीची तिन्ही औषधे माझ्या एका गोळीने उभ्या केलेल्या तक्रारींवर चालू होती. आणि सर्दीच्या गोळीतले अॅलर्जीविरोधी औषधही मूत्राशयावर त्याच प्रकारचा परिणाम करणारे होते. दोन्ही एकत्र आली आणि लघवी अडली.

मात्रा लहान होती आणि अडचण तातडीची होती, म्हणून ती गोळी लगेच बंद केली. सर्दीच्या गोळ्याही बंद केल्या. काही दिवसांनी मूत्ररोगतज्ज्ञांनी नळी काढली आणि अण्णांना आपणहून लघवी झाली. शस्त्रक्रिया तूर्त टळली. प्रोस्टेटची वाढ होतीच, सगळा दोष गोळीचा नव्हता. पण त्या वाढीसह अण्णा कित्येक वर्षे नीट चालले होते. "लघवीला धार बारीक होते का? रात्री किती वेळा उठता?" हे दोन प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारले असते, तर वेगळी गोळी दिली असती किंवा कोणतीच दिली नसती. अण्णांनीही आपणहून सांगितले नाही. झोपेचा आणि लघवीचा संबंध काय, असे त्यांना वाटले. त्यांना तसे वाटणे साहजिक होते. मला वाटायला नको होते.

मुख्य परिणाम कोणता आणि दुष्परिणाम कोणता?

अॅमिट्रिप्टिलिन हे नैराश्यावरचे जुने औषध आहे. अमेरिकेत ते १९६१ साली बाजारात आले. नैराश्यासाठी ते साधारण ७५ ते १५० मिलिग्रॅम लागते. झोपेसाठी मात्र १० ते २५ मिलिग्रॅम दिले जाते. एवढ्या थोड्या मात्रेत मन उभारी धरेल असा परिणाम सहसा होत नाही, पण गुंगी येते. कारण हे औषध शरीरातील हिस्टामिन या रसायनाचे काम अडवते. सर्दी-अॅलर्जीची जुनी औषधे घेतल्यावर जी पेंग येते, तिचे कारणही हेच.

म्हणजे अण्णांना लागलेली झोप हाच मुळात त्या औषधाचा एक दुष्परिणाम होता. मी तो दुष्परिणाम कामाला लावला. यात चूक काही नाही, वैद्यकशास्त्रात असे पुष्कळदा होते. पण दुष्परिणाम एकटा येत नाही. हे औषध हिस्टामिनबरोबर अॅसिटिलकोलिन नावाच्या दुसऱ्या रसायनालाही अडवते. लाळ सुटणे, आतडे हलणे, मूत्राशय आकुंचन पावणे, जवळचे अक्षर डोळ्यांना स्पष्ट दिसणे, ही सारी कामे त्या रसायनाकडे आहेत. म्हणून तोंड कोरडे, पोट जड, लघवी अडलेली आणि अक्षरे पुसट. शिवाय रक्तवाहिन्या सैल पडून उभे राहताना रक्तदाब एकदम उतरतो, म्हणून भोवळ. ज्याला अरुंद कोनाचा काचबिंदू आहे त्याच्या डोळ्यातला दाब अचानक वाढू शकतो. हृदयाच्या ठोक्यांची लय आधीच बिघडलेली असेल, तर ती आणखी बिघडू शकते.

एकाच औषधाचा कोणता परिणाम मुख्य मानायचा आणि कोणता दुय्यम, हे ते कशासाठी दिले यावर ठरते. आपल्याकडचेच उदाहरण घ्या. सर्पगंधेचे मूळ पूर्वीपासून झोप न येणाऱ्याला आणि वेड लागलेल्याला देत असत. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावर तिचा काय उपयोग होतो याचा अभ्यास करून १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध लिहिला आणि जगाचे लक्ष या मुळीकडे वेधले. पुढे तिच्यातले रेसर्पिन हे द्रव्य रक्तदाबासाठी जगभर दिले जाऊ लागले. थोड्याच वर्षांत डॉक्टरांना दिसले, की ते घेणारे काही रुग्ण उदास होतात. रक्तदाबाची गोळी घेतो आहे, मग मन का खचते, हे त्या रुग्णांना कुठून कळणार? कोणी तरी जोड लावून दाखवेपर्यंत ते आपल्या नशिबाला किंवा स्वभावालाच दोष देत राहणार. अण्णांनी उन्हाला दोष दिला, तसाच.

इतर गोळ्यांचे काय?

झोपेसाठी लिहिली जाणारी नैराश्यावरची औषधे आणखीही आहेत. प्रत्येकाचा स्वभाव निराळा आहे.

मिर्टाझापिन घेतल्यावर झोप चांगली लागते, पण भूक वाढते. रात्री उठून डबे उघडणारे रुग्ण मी पाहिले आहेत. सहा महिन्यांत सात-आठ किलो वजन वाढते आणि मधुमेही माणसाची साखर हाताबाहेर जाते. काहींना पाय अस्वस्थ होण्याचा त्रास सुरू होतो. अंथरुणावर पडले की पायांत काही वळवळल्यासारखे वाटते आणि पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणजे झोपेसाठी घेतलेली गोळीच झोपू देत नाही.

ट्रॅझोडोन घेतल्यावर उभे राहताना चक्कर येते. पुरुषांमध्ये क्वचित एक वेगळीच अडचण येते. इंद्रियाला विनाकारण ताठरता येते, ती दुखते आणि तासन्‌तास उतरत नाही. ही लाजून घरी बसण्याची बाब नाही. चार तासांच्या वर गेली तर कायमचे नुकसान होऊ शकते, म्हणून तडक रुग्णालय गाठावे.

एसिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन ही नव्या गटातली औषधे. खरे तर ती झोपेची नव्हेतच. काहींची झोप त्यांनी सुरुवातीला उलट उडते. कामेच्छा कमी होणे हा त्यांचा सर्रास दिसणारा दुष्परिणाम, पण नवराबायको दोघेही त्याविषयी डॉक्टरांसमोर तोंड उघडत नाहीत. म्हाताऱ्या माणसात, विशेषतः रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असताना, या गोळ्यांनी रक्तातले सोडियम उतरू शकते. मग माणूस बरळतो, तोल जातो आणि घरचे म्हणतात, वय झाले. दुखण्यावरची ट्रामाडॉल किंवा हट्टी क्षयरोगात दिले जाणारे लिनेझोलिड यांच्याबरोबर ही औषधे घेतली, तर थरथर, ताप आणि घाबरेघुबरे होणे असा गंभीर प्रकार होऊ शकतो.

पंचविशीच्या आतल्या तरुणांविषयी एक वेगळी सूचना आहे. नैराश्यावरच्या औषधांनी सुरुवातीच्या काळात काही मुलांच्या मनात आत्मघाताचे विचार वाढू शकतात, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने २००४ साली पाकिटावर छापायला लावला आणि २००७ साली तो चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी वाढवला. परीक्षेच्या दिवसांत मुलाला झोप येत नाही, म्हणून घरातल्या मोठ्यांची गोळी देणाऱ्या आईवडिलांनी हे ध्यानात ठेवावे. ज्याला मधूनमधून अतिउत्साहाचे झटके येतात, त्याला अशा गोळीने उन्माद चढू शकतो, हेही डॉक्टरांना आधी सांगितलेले बरे.

आणखी एक. यांतली काही औषधे रक्तातून हळू निघतात. रात्री घेतलेल्या अॅमिट्रिप्टिलिनचा निम्मा अंश दुसऱ्या संध्याकाळीही शरीरात असू शकतो. भाजीचा टेम्पो घेऊन मध्यरात्रीनंतर कसारा घाट उतरणाऱ्या चालकाला ही गोळी देताना त्याचा धंदा विचारलाच पाहिजे.

न सांगितल्याने काय होते?

एक शिक्षिका माझ्या ओळखीच्या. दुसऱ्या एका डॉक्टरांनी त्यांना झोपेसाठी मिर्टाझापिन दिले होते. चार महिने बरे गेले. एकदा औषध आणायला भाचा गेला. तो आल्यावर म्हणाला, "मावशी, ही तर डिप्रेशनची गोळी आहे." बाईंना वाटले, डॉक्टरांनी आपल्याला मनोरुग्ण ठरवले आणि तोंडावर सांगितलेही नाही. त्याच रात्री गोळी बंद. तिसऱ्या दिवसापासून मळमळ, गरगरणे, जिवाची घालमेल आणि झोप तर अजिबात नाही. त्यांनी निष्कर्ष काढला, की आपल्याला खरेच वेड लागते आहे. प्रत्यक्षात गोळी एकदम तोडल्याने झालेला तो त्रास होता. मात्रा हळूहळू उतरवली असती, तर बहुतेक टळला असता. पहिल्याच दिवशी "ही गोळी नैराश्यातही देतात, तुम्हाला झोपेसाठी देतो आहे, एकदम बंद करू नका" अशी तीन वाक्ये कोणी बोलले असते, तर बाईंचे ते पंधरा दिवस वाचले असते.

याच जातीचा एक मोठा प्रकार आपल्या देशात झाला आहे. मेलिट्रासेन हे नैराश्यावरचे औषध आणि फ्लुपेंटिक्सॉल हे गंभीर मनोविकारावरचे औषध एकत्र करून बनवलेली एक गोळी वर्षानुवर्षे टेन्शन, घबराट, पोटाची कुरकुर आणि झोप यांसाठी दिली जात होती. ती बनवणारी मूळ कंपनी डेन्मार्कची. पण खुद्द डेन्मार्कमध्ये या मिश्रणाला परवानगी नव्हती. मे २०१२ मध्ये आरोग्य खात्याच्या संसदीय स्थायी समितीने आपल्या ५९व्या अहवालात यावर बोट ठेवले आणि जून २०१३ मध्ये केंद्र सरकारने या गोळीची निर्मिती आणि विक्री स्थगित करण्याचा आदेश काढला. ती गोळी घेणाऱ्या किती जणांना ठाऊक होते, की आपण मनोविकारावरची दोन औषधे एकत्र गिळतो आहोत? फ्लुपेंटिक्सॉलसारख्या औषधाने हात थरथरणे, अंग आखडणे, एका जागी बसवेनासे होणे असे त्रास होऊ शकतात. ज्याला नावच माहीत नाही, त्याने जोड लावायची तरी कशी?

मग डॉक्टर या गोळ्या देतात तरी का?

डॉक्टरांची बाजूही मांडली पाहिजे. अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम या खऱ्याखुऱ्या झोपेच्या गोळ्या. त्यांची सवय लागते, मात्रा वाढवत न्यावी लागते आणि म्हाताऱ्यांना त्यांनीही चक्कर येते, विसराळूपणा येतो. त्यांची नावे औषध नियमांच्या 'एच-१' यादीत आहेत. १ मार्च २०१४ पासून केमिस्टला अशा प्रत्येक विक्रीची वेगळ्या वहीत नोंद करून ती तीन वर्षे ठेवावी लागते. नैराश्यावरच्या गोळ्यांना चिठ्ठी लागतेच, पण ही वही लागत नाही, आणि त्यांचे तसे व्यसनही लागत नाही. त्या स्वस्तही आहेत. त्यामुळे डॉक्टरला तो मार्ग सोपा वाटतो. शिवाय ज्याची झोप नैराश्यामुळे उडाली आहे, पहाटे तीनला जाग येऊन मन काळे होते, जेवण जात नाही, रडू येते, त्याला हीच औषधे पुऱ्या मात्रेत द्यायला हवीत. तिथे त्या गोळ्या अनेकांचे प्राण वाचवतात. हा लेख वाचून अशा कोणीही आपली गोळी बंद करू नये, हे मी हात जोडून सांगतो.

प्रश्न आहे तो नुसत्या निद्रानाशाचा. २०१८ साली कॉक्रेन या संस्थेने या विषयावरच्या चाचण्यांचा आढावा घेतला. डॉक्सेपिनची अगदी लहान मात्रा आणि ट्रॅझोडोन यांचा थोड्या दिवसांपुरता थोडासा उपयोग दिसला. अॅमिट्रिप्टिलिन एवढे सर्रास दिले जात असूनही त्याच्या बाजूने नीट पुरावा त्या आढाव्याला सापडला नाही. दीर्घकाळ घेण्याच्या बाजूने तर कोणत्याच औषधाचा सापडला नाही. अमेरिकेच्या निद्रावैद्यक अकादमीने २०१७ साली निद्रानाशासाठी ट्रॅझोडोन न वापरण्याकडे कौल दिला. वृद्धांना कोणती औषधे टाळावीत याची बिअर्स नावाची एक यादी १९९१ पासून प्रसिद्ध आहे. तिच्यात पासष्टीपुढच्यांसाठी अॅमिट्रिप्टिलिनचे नाव आहे. मी अण्णांची चिठ्ठी लिहिली त्या दिवशी ही यादी मलाही माहीत होती. घाईत आठवली नाही, एवढेच.

झोप का येत नाही?

याच अमेरिकेतल्या फिजिशियन मंडळींच्या संस्थेने २०१६ साली सांगितले, की जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय गोळीचा नसावा, सवयी आणि विचार बदलण्याच्या शिस्तबद्ध उपचाराचा असावा. हा उपचार मनोविकारतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ शिकवतात. त्यातली मुख्य सूत्रे घरीही पाळता येतात. रात्र कशीही गेली तरी सकाळी उठण्याची वेळ एकच ठेवावी. पेंग आल्याशिवाय अंथरुणावर जाऊ नये. साधारण वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसावे आणि पेंग आल्यावरच परत जावे. अंथरुणावर टीव्ही, मोबाईल, हिशेब, भांडणे यांपैकी काही नको. दुपारची झोप बंद किंवा अर्ध्या तासाची. पहिले आठ-दहा दिवस जड जातात. नंतर गाडी रुळावर येऊ लागते.

त्याआधी कारण शोधायला हवे. घोरताना श्वास अडतो का? थायरॉईड बिघडली आहे का? गुडघा दुखतो का? संध्याकाळनंतर चहा, तंबाखू, मिश्री किती? दारू घेऊन झोप लागते, पण मध्यरात्री मोडते, हे ठाऊक आहे का? रात्रपाळीच्या कामगाराची झोप घड्याळाने मोडलेली असते. पंपाची वीज रात्री येते म्हणून पाणी भरायला उठणाऱ्या शेतकऱ्याची झोप विजेच्या वेळापत्रकाने मोडलेली असते. त्याला गोळी देऊन आपण वेळापत्रकाचा आजार त्याच्या पोटात ढकलतो. आणि अण्णांना तर आजारच नव्हता. पन्नास वर्षांच्या संसारानंतर घर सुने झाले होते. त्यांच्याशी दहा मिनिटे बोलणे हा पहिला उपचार होता, तो मी चुकवला.

रुग्णाने विचारावे, डॉक्टरने सांगावे

माझे मत सरळ आहे. नैराश्यावरची गोळी झोपेसाठी द्यायला हरकत नाही, पण न सांगता द्यायला पूर्ण हरकत आहे. सांगायला दोन मिनिटे लागतात. तेवढी नसतील, तर चिठ्ठी लिहू नये. आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्याच शहरात आहे. तिथून बाहेर पडणाऱ्या नव्या डॉक्टरांनी तरी आमच्या पिढीची ही घाई उचलू नये.

वाचकांनी डॉक्टरांसमोर पुढचे प्रश्न नम्रपणे, पण न संकोचता विचारावेत.

(१) या गोळीचे नाव काय आणि ती मूळ कशासाठीची आहे?
(२) मला लघवीचा, काचबिंदूचा, हृदयाचा त्रास आहे, किंवा मी गाडी चालवतो. तरी ही चालेल का?
(३) माझ्या चालू औषधांशी, सर्दीच्या आणि दुखण्याच्या गोळ्यांशीही, हिचे जमते का?
(४) काय झाले तर लगेच यावे?
(५) किती दिवस घ्यायची आणि बंद कशी करायची?

डॉक्टरांकडे जाताना घरातली सगळी औषधे, चूर्ण-काढ्यांसह, एका पिशवीत घेऊन जावीत. अण्णांच्या बाबतीत उलगडा त्या पिशवीनेच झाला.

केमिस्ट बंधूंना एक विनंती. पाच-सहा गोळ्या देताना पट्टी कात्रीने कापली जाते आणि नाव दुसऱ्या तुकड्यावर राहते. रुग्णाच्या हाती बिननावाच्या गोळ्या येतात. कागदी पुडीवर गोळीचे नाव मराठीत लिहून द्यावे, म्हणजे पुढच्या डॉक्टरला अंधारात चाचपडावे लागणार नाही. चिठ्ठीशिवाय तर या गोळ्या देऊच नयेत. घरी त्या मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवाव्यात. अॅमिट्रिप्टिलिनच्या थोड्या गोळ्याही लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतात.

औषधाचा त्रास झाला, तर त्याची नोंद रुग्णालाही करता येते, हे फार थोड्यांना माहीत आहे. औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली सुरू झाला. त्याचा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे. मन खचले असेल, झोपेबरोबर जगण्याचीही इच्छा उडाली असेल, तर टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक लावावा. ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा चालू आहे.

अण्णा परवा दवाखान्यात येऊन गेले. आता कोणतीही झोपेची गोळी नाही. दुपारची दोन तासांची झोप बंद केली आहे. रात्री ओसरीवर नातवाजवळ झोपतात. पाच-साडेपाच तास झोप होते आणि चारला जाग येते. मी म्हणालो, "अण्णा, चार म्हणजे लवकरच झाले." ते म्हणाले, "डॉक्टर, बाग लावली तेव्हापासून मी चारलाच उठतो. तुम्ही कधी विचारलेच नाही."